तेंडोलकरांच्या राजाची उडी

गंधाली तेंडोलकर नववीत गेली आणि तिला आत्मविश्वास आला. कुठून आला ते घरात कुणालाच कळलं नाही, पण आला तो सामानसुमान घेऊन राहायलाच आला. आठवीपर्यंत हजेरीला 'येस मिस' म्हणतानाही घसा खाकरणारी ही मुलगी जूनमध्ये रिक्षावाल्यांशी मीटरवरून हुज्जत घालायला लागली, जुलैमध्ये आईच्या भिशीतल्या बायकांना तिने वाद घालून गप्प केलं, आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तिने पी.टी.च्या केतन सरांना अख्ख्या वर्गादेखत विचारलं की शाळेच्या बुद्धिबळाच्या टीममधली मुलींची एकुलती एक जागा तिला न विचारता प्रियंकाला दिलीच कशी.

केतन सर कबड्डीचे माणूस. बुद्धिबळ हा त्यांच्या मते कॅनव्हासचे बूट विसरून आलेल्या मुलांना बसवून ठेवायचा खेळ होता. त्यांनी शांतपणे सांगितलं की प्रियंका पवईला क्लासला जाते, तिच्याकडे सर्टिफिकेटांची फाइल आहे. तुझ्याकडे काय आहे? गंधालीने मान ताठ करून सांगितलं, की ती नवजीवन सोसायटीची गणपतीतली सलग तीन वर्षांची चॅम्पियन आहे. वर्ग हसला. इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

सरांनाच मग वाईट वाटलं असावं. ते म्हणाले की पुढच्या सोमवारी नावं पाठवायची आहेत, तोपर्यंत कुठल्याही खऱ्याखुऱ्या स्पर्धेतून अर्धा गुण घेऊन ये, जागा तुझी. जिंकायला नको, नुसती बरोबरी केलीस तरी चालेल.

अर्धा गुण! गंधालीला तो शब्द दिवसभर बुटातल्या खड्यासारखा टोचला. जणू ती दारात वाटी घेऊन उभी होती आणि सरांनी अर्धी वाटी साखर घातली होती.

आता नवजीवन सोसायटीतल्या बुद्धिबळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे काही झालं त्याचं मूळ तिथे आहे. मुलुंड पूर्वेच्या त्या चार मजली इमारतीत ज्याला ज्याला बुद्धिबळ येत होतं, त्याला ते गंधालीच्या बाबांनी, म्हणजे चंद्रप्रकाश तेंडोलकरांनी शिकवलं होतं. बाबांना त्यांच्या बाबांनी शिकवलं, आणि ते गिरणीत जेवणाच्या सुट्टीत शिकले होते. त्यामुळे इमारतीत बुद्धिबळ एकच होतं आणि ते तेंडोलकरांचं होतं. त्यात दोन नियम फार महत्त्वाचे. एक म्हणजे राजाची उडी. राजाला पहिला शह बसायच्या आधी, अख्ख्या डावात एकदाच, त्याला घोड्यासारखं अडीच घरं उडता येतं. बाबा म्हणायचे की तो राजा आहे, एवढा तरी मान त्याला मिळायलाच हवा. दुसरा नियम प्याद्याचा. प्यादं चालत चालत पलीकडच्या टोकाला पोचलं की ते ज्याच्या घरात शिरेल तेच होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. ज्याच्या घरात गेलं त्याचं आडनाव लागणार, असं बाबांचं स्पष्टीकरण होतं. त्यावर आई, जिने लग्नानंतरही बँकेत स्वतःचं आडनाव ठेवलं होतं, दरवेळी स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात ठेवायची.

गंधालीला याबद्दल कधी शंका आली नाही का? संधी दोनदा आली होती. एकदा तिने आईच्या फोनवर बुद्धिबळाचं ॲप घेतलं. त्या ॲपने तिच्या राजाला उडी मारू दिली नाही आणि प्यादं टोकाला पोचल्यावर तिला न विचारता त्याचा वजीर करून टाकला. तिने बाबांना दाखवलं. बाबा म्हणाले की फुकटचं आहे, असंच असणार. गंधालीने त्या ॲपला एक तारा दिला आणि खाली लिहिलं की बनवणाऱ्यांनी आधी खेळ शिकून घ्यावा. दुसऱ्यांदा मधल्या सुट्टीत प्रियंकाशी डाव मांडला, राजाने उडी मारली आणि प्रियंकाने पट उधळून दिला. पवईच्या क्लासमध्ये अजून बेसिकच चालू आहे, असा गंधालीने निष्कर्ष काढला. आत्मविश्वासाचं हे असं असतं, तो पुरावे दोन्ही बाजूंनी खातो.

तर, स्पर्धा शोधली. घाटकोपरला रविवारी एक दिवसाची स्पर्धा होती आणि तीत पंधरा वर्षांखालच्या मुलींचा वेगळा गट होता. फॉर्म ऑनलाइन भरायचा. ऑनलाइन म्हणजे घरबसल्या, असा ज्यांचा समज आहे त्यांनी तो भरून बघावा. फोटो पन्नास केबीपेक्षा लहान हवा आणि चेहरा सत्तर टक्के हवा. गंधालीचा फोटो आधी मोठा म्हणून परत आला, मग लहान केला तर अस्पष्ट म्हणून परत आला, आणि तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा साइट म्हणाली की तुमचा वेळ संपला. जन्मदाखला मागितला, तो गावच्या ग्रामपंचायतीचा होता आणि त्यावरचा शिक्का मोबाइलच्या कॅमेऱ्याला दिसेना. शेवटी बाबांनी मान टाकली आणि सगळं गाठोडं खाली निलेशदादाच्या झेरॉक्सच्या दुकानात नेलं.

निलेशदादा स्टेशन रोडवरचा फॉर्मांचा डॉक्टर. पॅन, आधार, रेशन, अकरावीचे प्रवेश, काहीही घेऊन या. त्याने चार मिनिटांत फोटो चढवला, शिक्का गडद केला, आणि गट निवडायच्या जागी पंधरा वर्षांखालील मुली यावर टिचकी मारायच्या ऐवजी त्याच्यावरच्या ओळीवर मारली. वरची ओळ होती 'खुला गट'. खुला म्हणजे वय नाही, मुलगा-मुलगी नाही, दाढीवाले, टकलू, सगळे एकत्र. त्यात भर म्हणजे या गटात बाद फेरी होती. हरला तो घरी.

गंधालीने विचारल्यावर निलेशदादा म्हणाला, "खुल्यात बक्षीस मोठं आहे, बघ ना." जणू त्याने ते मुद्दाम तिच्या भल्यासाठी केलं होतं.

गट बदलायचं कार्यालय अंधेरीला होतं. मुलुंडहून अंधेरीला जाणं म्हणजे मुंबईच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघणं. शाळेला दांडी, आईची अर्धी रजा, दोन बस आणि एक मेट्रो, असं करून मायलेकी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत पोचल्या. तिथे एक गृहस्थ डबा खात होते. त्यांनी घास संपवून सांगितलं की गट बदलायची मुदत काल संपली. आईने सांगितलं की फॉर्म भरल्यापासून कालपर्यंत साइटच बंद होती. गृहस्थ म्हणाले की साइट बंद असल्याची तक्रार साइटवर करायची असते. आणि समजा मुदत असती तरी अर्ज ज्याने भरला त्याने स्वतः यायला हवं होतं. गंधालीने पुढे होऊन, नव्या आत्मविश्वासाने, विचारलं की मग मी खुल्या गटात खेळू शकत नाही असं तरी तुम्ही म्हणता का? ते म्हणाले, "खेळ ना. खुला आहे." आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

परतीच्या वाटेवर आई एवढंच म्हणाली की तू सरांना विचारायलाच नको होतंस. गंधाली खिडकीबाहेर बघत राहिली. तिला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती, ती म्हणजे पुढच्या सोमवारी अर्धा गुण न घेता वर्गात शिरणं. तेच हसणं पुन्हा होणार होतं आणि यावेळी शेजारच्या वर्गातल्या बाईंना कारणही माहीत असणार होतं.

सोसायटीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितलं की सकाळी केळं खाऊ नकोस, सुस्ती येते. पहिल्या मजल्यावरून निरोप आला की केळंच खा, ताकद टिकते. इंजिनिअर झालेला मिहिर खास खाली आला. त्याने कुठल्याशा युरोपियन नावाच्या सुरुवातीचे तीन प्रकार कागदावर काढून दिले आणि जाताना म्हणाला की यातला एकही नीट लक्षात नसेल तर वापरू नकोस. नवजीवनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या टाकीची चर्चा चालू होती, तीत मध्येच कुणीतरी लिहिलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं, म्हणजे तो बिचकतो. त्याखाली टाकीच्या बाजूने सहा अंगठे आले. आईने कुणालाच काही न विचारता रविवारी सकाळी गंधालीच्या डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापलं. थापलं म्हणजे अक्षरशः थापलं, कानामागे ओघळ आले. आणि बाबा? बाबा शनिवारी दिवसभर एकच वाक्य बोलत होते. "उडी जपून ठेव गो. उडी हुकमी असता."

स्पर्धा घाटकोपरला एका वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट उतरलेली नव्हती. झुंबर, गुलाबी पडदे, आणि स्टेजवर नवरा-नवरीची दोन लाल मखमली सिंहासनं, त्यातल्या नवऱ्याच्या सिंहासनात मुख्य पंच बसले होते. सांगलीकडचे होते. समोर पांढऱ्या कापडाच्या टेबलांवर चाळीस पट मांडलेले आणि वरच्या मजल्यावर कुणाचा तरी साखरपुडा, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी छतातून ढोल. पालकांना आत प्रवेश नव्हता. ते काचेच्या दाराबाहेर उभे होते, एकमेकांच्या खांद्यावरून बघत, फिशटँकमधले मासे मोजावेत तसे.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या होत्या. स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघाली आणि भिंतीवरच्या यादीत गंधालीच्या नावापुढे रेटिंगच्या रकान्यात शून्य होतं, तर समोर अठराशे ब्याण्णव. नाव व्हॅलेन्सिया परेरा, राहणार दहिसर.

व्हॅलेन्सिया आंटी बासष्ट वर्षांच्या होत्या. फुलाफुलांचा फ्रॉक, मनगटात जपमाळ, आणि बसायला घरून आणलेली उशी. त्यांनी उशी खुर्चीवर ठेवली, उलटवली, चापटली, मग बसल्या. गंधालीने ग्रुपवरचा सल्ला आठवून त्यांच्या डोळ्यांत रोखून बघितलं. त्यांनी पर्समधून टिश्यू काढून तिच्यापुढे धरला आणि कानाकडे बोट दाखवलं. तेलाचा ओघळ गळ्यापर्यंत आला होता.

प्रत्येकी पंचवीस मिनिटं. घड्याळ सुरू झालं. गंधालीकडे पांढरे मोहरे होते. पहिल्या सात-आठ चाली बऱ्या गेल्या, निदान तिला तसं वाटलं. फक्त एक अडचण होती. विचार करताना डोकं खाजवायची तिला जन्माची सवय, आणि डोक्यावर ब्राह्मी. नवव्या चालीला उंट उचलायला गेली तर तो बोटांतून सटकून घरंगळला आणि त्याला सावरताना तिचा हात वजिराला लागला. खऱ्या स्पर्धेत ज्याला हात लावला तेच हलवावं लागतं. एवढा नियम तिला माहीत होता. तिने वजीर हलवला, कुठे तर जिथे त्याचं काही काम नव्हतं. आंटींनी तिकडे बघितलं, मग तिच्या बोटांकडे बघितलं, आणि आणखी एक टिश्यू पुढे सरकवला.

मग त्यांनी उंट आणि घोडा पुढे काढून राजावर रोख धरला. गंधाली मनातल्या मनात हसली. शह अजून बसला नव्हता. उडी शिल्लक होती. तिने सहज दाराकडे बघितलं, तर काचेपलीकडे गर्दीच्या मधोमध बाबा उभे होते आणि जागच्या जागी उड्या मारत होते. दोन्ही हात बाजूला, चेहरा गंभीर, टुण्णकन वर, टुण्णकन खाली. शेजारचे पालक त्यांना जागा करून देत होते. सिंहासनातून पंचांनीही ते बघितलं आणि खाली येऊन विचारलं की दारात उड्या मारणारे ते कोण, तुमच्यापैकी कुणाचे आहेत का? अख्ख्या रांगेने माना वर केल्या. गंधालीने पटावरून नजर न उचलता सांगितलं, "माहीत नाही."

पंचांनी एका स्वयंसेवकाला पाठवलं. त्याला वाटलं गृहस्थांना घाई झाली आहे, म्हणून तो बाबांना हाताला धरून स्वच्छतागृहाकडे घेऊन गेला.

आणि गंधालीने राजा उचलला, अडीच घरं उडवून कोपऱ्याजवळ सुरक्षित ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं. इतक्या ऐटीत दाबलं की शेजारच्या पटावरचं घड्याळ हललं.

आंटींनी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

पंच आले. पट बघितला, राजा बघितला, मग गंधालीला विचारलं, "हा हिथं कसा आला?" गंधालीने समजावून सांगितलं. घोड्यासारखा, एकदाच, शह बसायच्या आधी. पंच ऐकत राहिले. शेजारच्या चार पटांवरचे खेळाडूही ऐकत राहिले, आणि त्यांची घड्याळं चालू असूनही कुणी चाल करेना. शेवटी पंच हळू आवाजात म्हणाले, "बाळ, राजा उडी मारत न्हाई. कुठंच न्हाई." त्यांनी आंटींना एक मिनिट वाढवून दिलं आणि बजावलं की अशी चूक पुन्हा एकदा झाली तर डाव गेला. शिवाय राजाला हात लागलाय, तेव्हा राजाच हलवायचा, आणि एकच घर.

एकाच घराची एकच जागा मोकळी होती, ती म्हणजे पुढे, भर रस्त्यात. राजा तिथे जाऊन उभा राहिला, आंघोळीच्या मध्येच पाणी गेल्यावर टॉवेल गुंडाळून जिन्यात आलेल्या माणसासारखा.

गंधालीच्या कानांतून वाफ निघाली. आंटींवर नाही, पंचांवरही नाही, बाबांवर. चौदा वर्षं! चौदा वर्षं हा माणूस खुर्चीत बसून राजाच्या मानाच्या गोष्टी सांगत होता. आजोबा गिरणीत बुद्धिबळ शिकले की लंगडी? तिने पुढच्या सहा चाली बाबांना काय काय ऐकवायचं याची मनात उजळणी करतच केल्या, आणि त्या सहा चालींत तिचा एक हत्ती, एक घोडा आणि वजीर असे एकामागून एक गेले. तिला सगळ्यात जास्त राग याचा होता की बाबा आता स्वच्छतागृहातून परत येऊन काचेला नाक लावून उभे होते आणि तिला अंगठा दाखवत होते. त्यांना वाटत होतं उडी लागू पडली.

छतावर ढोल वाजायला लागला. पाच मिनिटं उरली होती, आणि दोन्हीकडचे बाकीचे बरेच मोहरे मारामारीत संपले होते. आंटींचा काळा वजीर पटाच्या मधोमध येऊन उभा राहिला, जवळ त्यांचा राजा, आणि पुढच्याच चालीला गंधालीच्या राजावर मात होती. तिला ती दिसत होती. आंटींना तर दिसतच होती. त्यांनी पर्सची चेन लावली, उशीचा एक कोपरा हातात धरला.

गंधालीकडे राजा, काही अडकलेली प्यादी, आणि पार पलीकडे, शेवटच्या ओळीच्या एक घर अलीकडे, कोपऱ्यातलं एक प्यादं होतं. ते तिने उगीच पुढे नेलं नव्हतं. वजीर गेल्यापासून ती त्याच्याचसाठी खेळत होती. सरळ गेलं तर हत्तीच्या घरात. तिरकं मारलं तर आंटींचा काळा हत्ती पडणार, आणि तो उभा होता घोड्याच्या घरात. म्हणजे प्याद्याचा घोडा. आणि तिथून घोडा अडीच घरं कुठे कुठे बघतो? एकीकडे काळा राजा, एकीकडे काळा वजीर. दोघांवर एकदम. लहानपणापासून ती असंच मोजत आली होती, की प्यादं जाणार कुठल्या घरात, आणि मग तिथून बघणार कुठे.

हात पुढे गेला आणि थांबला. राजाची उडी खोटी निघाली होती. मग हा नियम तरी खरा कशावरून? ॲपने तर प्याद्याचा वजीरच केला होता. आणखी एक चूक की डाव गेला, अर्धा गुण गेला, सोमवार गेला. आणि वजीर केला तरी चालणार नव्हतं, कारण वजीर तिथून ना राजाला शह देत होता ना मात अडवत होता.

तिने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले, आता थोडे घाबरतच आले. तिने विचारलं, "सर, प्याद्याचा घोडा करता येतो? घोड्याच्या घरात?"

पंच म्हणाले, "घर कुठलं का असंना. वजीर कर, हत्ती कर, उंट कर, घोडा कर. तुझं प्यादं, तुझी मर्जी." आणि जाता जाता, न राहवून, "पर समदी वजीरच करत्यात."

आंटींच्या हातातून उशीचा कोपरा सुटला.

गंधालीने बोटं फ्रॉकला, म्हणजे स्वतःच्या फ्रॉकला, नीट पुसली. प्याद्याने हत्ती मारला. तिचा मेलेला पांढरा घोडा आंटींच्या बाजूला पडला होता, तो मागून घेतला, त्या घरात ठेवला, घड्याळाचं बटण दाबलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "शह."

 आंटींनी जपमाळेचे दोन-तीन मणी पुढे ढकलले. मग राजा हलवला, दुसरा इलाजच नव्हता. गंधालीने वजीर मारला. त्यांच्या राजाने घोडा मारला. आणि पटावर बघावं तर दोन राजे आणि एकमेकांना नाक लावून अडकलेली प्यादी. कुणालाच कुठून शिरता येत नव्हतं. दोघींनी राजे थोडे इकडेतिकडे फिरवून बघितले. मग आंटींनी हात पुढे केला. बरोबरी.

अर्धा गुण.

भोवती माणसं जमली. एका दाढीवाल्याने विचारलं की तो घोडा किती चालींपूर्वी दिसला. गंधालीने खरंच मोजून सांगितलं, सात. कुणीतरी शीळ घातली. आंटींनी उशी बगलेत मारली आणि तिच्याकडे वाकून बघितलं. "बाय, माझे नजरेत फकस्त वजीर व्हता. घोडा बघाया तुला कोनी शिकवला?"

पंच पेन घेऊन उभे होते, निकालपत्रावर प्रशिक्षकाच्या नावाचा रकाना होता. तेही तेच विचारत होते. सगळे थांबले. गंधालीने दाराकडे बघितलं. बाबा काचेपलीकडे दोन्ही हातांनी विचारत होते, काय झालं, काय झालं.

"मघाशी दारात उड्या मारत होते ना," ती म्हणाली, "ते. चंद्रप्रकाश तेंडोलकर. माझे बाबा."

पंचांनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग नाव लिहून घेतलं. सिंहासनाकडे परत जाताना त्यांचे खांदे हलत होते.

बाद फेरीत बरोबरी चालत नाही, म्हणून लगेच पाच मिनिटांचा जलद डाव झाला. त्यात आंटींनी गंधालीला चौदा चालींत उडवलं. त्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखं नाही. मुख्य डावाचा अर्धा गुण कागदावर होता, त्यावर शिक्का होता, आणि तो शिक्का कॅमेऱ्यातसुद्धा स्वच्छ दिसत होता. तिने फोटो केतन सरांना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. मग सरांनी विचारलं की खुल्या गटात का खेळलीस? गंधालीने उत्तर दिलं की तिथे बक्षीस मोठं असतं. थोड्या वेळाने उत्तर आलं: सोमवारी नाव देतो.

बाहेर आली तर बाबा पालकांच्या घोळक्यात उभे राहून घोड्याच्या घराचा नियम समजावून सांगत होते. एक आई त्यांचा नंबर लिहून घेत होती. गंधालीने त्यांना दंडाला धरून बाजूला आणलं, पाणीपुरीच्या गाडीपर्यंत नेलं. सहा चालींत पाठ केलेलं सगळं भाषण जिभेवर तयार होतं. पण बाबांच्या शर्टाचा खांदा काचेला टेकून टेकून चुरगळला होता, आणि कपाळावर दाराच्या हँडलचा ठसा उठला होता.

"बाबा," ती म्हणाली, "राजा उडी मारत नाही."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "कोण म्हणता?"

"पंच."

बाबा विचारात पडले. गाडीवाल्याने दोन द्रोण पुढे केले, तेही त्यांनी घेतले नाहीत. पन्नास वर्षांचं बुद्धिबळ त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू मागे सरकताना तिला दिसलं आणि तिला वाटलं, सांगायलाच नको होतं.

"ते पंच कुठचे?" बाबांनी विचारलं.

"सांगलीचे."

बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी द्रोण हातात घेतला.

"मग बरोबर हा," ते म्हणाले. "घाटावर नाय मारत."